अल-किफ्लच्या भिंतीवरची हिब्रू अक्षरं

विचारणारे मुंबईतल्या डोंगरीचे आहेत. इराकातल्या नजफ-कर्बल्याच्या झियारतीला, म्हणजे यात्रेला, गेले असताना त्यांची बस वाटेत अल-किफ्ल नावाच्या गावी तासभर थांबली. तिथे नबी जुल्किफ्लच्या कबरीच्या खोलीत त्यांना भिंतीवर वेगळ्याच लिपीची अक्षरं दिसली, अरबी नाहीत की फारसी नाहीत. सोबतचा एक इराकी म्हातारा ‘यहुद्यांची’ एवढंच म्हणाला आणि पुढे गेला. त्यांनी फोटो पाठवून मला तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही जागा आधी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, होती का, तिची मशीद कधी झाली, आणि सिनेगॉगचं आता तिथे काय उरलंय?

मी तीस वर्षं जुन्या चुन्या-विटांच्या इमारतींच्या जतनाचं काम करतो. त्यात देवळं आहेत, दर्गे आहेत आणि आपल्याकडची काही सिनेगॉगही आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: हो, ते सिनेगॉग होतं, आणि साधंसुधं नव्हतं. मध्ययुगात इराक-इराणच्या ज्यूंसाठी ते यात्रेचं सगळ्यात मोठं ठिकाण होतं. दुसऱ्या प्रश्नाला एक तारीख सांगून भागत नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

बायबलमधला यहेज्केल हा यरुशलेमचा याजक, बूजीचा मुलगा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने राजा यखन्याला धरून नेलं, तेव्हा त्याच्याबरोबर हजारो माणसं बाबेलला गेली. त्यात हा यहेज्केलही होता. कबार नदीकाठी त्याला दृष्टान्त झाले. त्यातला सुकलेल्या हाडांच्या खोऱ्याचा दृष्टान्त सगळ्यांना माहीत असतो: हाडाला हाड जुळतं, त्यावर मांस चढतं आणि मेलेली माणसं उठून उभी राहतात. तो मेला कुठे, पुरला कुठे, याबद्दल बायबल काही सांगत नाही. ती जागा परंपरेने ठरवली. फरात (युफ्रेटीस) नदीकाठी, हिल्ला आणि कूफा यांच्या मधे.

कुराणात जुल्किफ्ल हे नाव दोनदा येतं. हा जुल्किफ्ल म्हणजेच यहेज्केल असं पुष्कळ मुस्लिम विद्वानांनी मानलं आहे. मरणाच्या भीतीने घरं सोडून निघालेल्या हजारोंना अल्लाहने मृत्यू दिला आणि मग पुन्हा जिवंत केलं, अशी एक आयत आहे. तफसीरकार, म्हणजे कुराणाचे भाष्यकार, ती गोष्ट हिझ्कीलशी जोडतात, आणि हिझ्कील म्हणजे यहेज्केलच. हे ध्यानात घेतलं की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो. दुसऱ्या कुणाच्या देवाची जागा बळकावली, असा हा मामला नाही. एकाच माणसावर दोन समाजांची श्रद्धा होती आणि दोघांनीही तो मनापासून आपला मानला.

या जागेचं सगळ्यात भरघोस वर्णन स्पेनमधल्या तुदेला गावच्या बेंजामिनने केलं आहे. तो इ.स. ११७० च्या सुमारास इथे आला होता. तो सांगतो की सिनेगॉगच्या दर्शनी बाजूला साठ बुरूज आहेत आणि दोन बुरुजांच्या मधे एकेक लहान सिनेगॉग आहे. चौकात धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायची पवित्र पेटी, मागे यहेज्केलची कबर, कबरीवर मोठा घुमट. हे सगळं यखन्या राजाने बाबेलच्या कैदेतून सुटल्यावर बांधलं, असं तिथले लोक त्याला सांगत होते. साठ बुरुजांचा आकडा मी तसाच्या तसा धरणार नाही, प्रवाशांचे आकडे नेहमीच थोडे फुगलेले असतात. पण बाकी वर्णन एखाद्या चांगल्या सर्वेक्षकाचं वाटतं: चौक, त्यात पेटी, मागे घुमटाखाली कबर. तुम्ही बसमधून उतरून ज्या क्रमाने आत गेलात, तोही साधारण असाच.

त्याने यात्रेचं जे लिहिलंय ते वाचताना मला जेजुरी-पंढरपूरच आठवतं. ज्यूंच्या नववर्षापासून प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत, म्हणजे दहा दिवस, लांबलांबून माणसं यायची. बगदादहून निर्वासित ज्यूंचा प्रमुख, ज्याला ‘रेश गालुता’ म्हणत, तो आणि पाठशाळांचे मुख्य आपापल्या लवाजम्यासह यायचे. मैदानात दोन मैलांपर्यंत मुक्काम पडायचे. अरब व्यापारी माल घेऊन यायचे आणि मोठी जत्रा भरायची. प्रायश्चित्ताच्या दिवशी तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, एक प्रचंड गुंडाळी बाहेर काढून वाचत. ती खुद्द यहेज्केलच्या हातची आहे अशी श्रद्धा होती. कबरीवर रात्रंदिवस दिवा तेवत असे. तो यहेज्केलनेच लावला, लोक फक्त वात आणि तेल बदलतात, असं मानत. शेजारी ग्रंथांचं एक घर होतं. ज्याला मूलबाळ नसे तो आपली पुस्तकं मरताना तिथे देऊन जाई. आणि बेंजामिन हेही लिहितो की मुसलमानही इथे प्रार्थनेला येतात, यहेज्केलवर त्यांचं फार प्रेम आहे म्हणून.

बेंजामिननंतर थोड्याच वर्षांत जर्मनीतल्या रेगेन्सबर्गचा पेताह्या इथे येऊन गेला. त्याच्या नोंदीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस आपली थैली यहेज्केलच्या कबरीजवळ ठेवून सांगायचा, ‘स्वामी, मी येईपर्यंत हे सांभाळा, माझ्या वारसाशिवाय कुणाला नेऊ देऊ नका.’ कित्येक प्रवासी परतलेच नाहीत. त्यांच्या थैल्या तिथेच पडून कुजत होत्या आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. या एका तपशिलावरून तिथल्या वातावरणाची जी कल्पना येते, ती दहा शिलालेख वाचूनही येत नाही.

आता मशिदीबद्दल. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराण-इराकवर उल्जायतू या मंगोल राजाचं (इलखानाचं) राज्य होतं (१३०४ ते १३१६). त्याने शिया पंथ स्वीकारला होता. त्याच शतकातला इतिहासकार हमदुल्लाह मुस्तौफी लिहितो की उल्जायतूने या जागेची देखभाल ज्यूंकडून काढून मुसलमानांकडे दिली आणि तिथे मशीद आणि मिनार बांधला. विटांचा जो मिनार तुम्ही आवारात पाहिलात तो त्या काळातला. त्यामुळे ‘मशीद कधी झाली’ याला कुणी ‘चौदाव्या शतकात’ असं उत्तर दिलं तर ते चूक नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही. उस्मानी तुर्कांच्या काळापर्यंत कबर आणि तिच्यापुढचा प्रार्थनेचा दिवाणखाना पुन्हा ज्यूंच्या हाती आलेला दिसतो. कार्स्टन नीबूर हा डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला जर्मन प्रवासी १७६५ च्या हिवाळ्यात बसऱ्याहून नजफ, कर्बला, हिल्ला करत बगदादला गेला. त्यानेही ज्यूंची इथली यात्रा नोंदवली आहे. म्हणजे मिनार मशिदीचा आणि त्याच्या पायथ्याशी सिनेगॉग चालू, असं काही पिढ्या चाललं. कागदावर हे विचित्र दिसेल. पण ज्या गावात एकाच समाधीला हिंदू समाधी म्हणतात आणि मुसलमान पीर म्हणतात, तिथल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

हक्काचे वाद झाले, एकोणिसाव्या शतकात चांगलेच पेटले. पण जागा ज्यूंकडे राहिली, आणि याचं बरंचसं श्रेय बगदादच्या दानिएल घराण्याला जातं. हिल्ला आणि किफ्लच्या आसपास त्यांच्या मोठ्या जमिनी होत्या. त्यांनी कबरीची डागडुजी केली, यात्रेकरूंना उतरायला जागा बांधल्या. किफ्लचा जुना छपराचा बाजार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. याच घराण्यातले मेनाहेम सालेह दानिएल १८७७ च्या उस्मानी संसदेत होते आणि १९२५ मध्ये इराकच्या पहिल्या सिनेटमध्येही बसले.

विसाव्या शतकापर्यंत यात्रेचा काळ बदलून उन्हाळ्याच्या तोंडावर आला होता, ज्यूंच्या वल्हांडण सणापासून त्यानंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या शावुओतपर्यंत. इराकी ज्यू शावुओतच्या सणालाच ‘ईद अल-झियारा’ म्हणत, झियारतीचा सण. शब्द तोच, जो तुम्ही तुमच्या प्रवासासाठी वापरला आहे. कुणी किफ्लला यहेज्केलकडे जाई, कुणी दजला (टायग्रिस) नदीकाठच्या अल-उझैरला बायबलमधल्या एज्राच्या कबरीकडे, तर उत्तरेतले लोक अल्कोशला नहूम नबीकडे.

इथे मुंबईचा खरा संबंध येतो. १७९२ मध्ये बगदादला जन्मलेले डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईला आले, आणि त्यांच्या मागोमाग बगदादी ज्यूंची वस्ती मुंबईत आणि पुण्यात वाढली. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू, पुण्यातलं ओहेल डेव्हिड ही त्यांचीच सिनेगॉग. या कुटुंबांची नाळ इराकातल्या कबरींशी तुटली नव्हती. मुंबईहून बसऱ्याला बोट आणि तिथून दजलेतून आगबोटीने बगदाद, या वाटेवर एज्राची निळी घुमटी नदीतूनच दिसायची. त्याच घराण्यातले डेव्हिड सॉलोमन ससून मुंबईत १८८० मध्ये जन्मले. १९१० मध्ये आई फ्लोरा यांच्यासोबत ते इराकला गेले आणि तिथल्या ज्यू समाजाचं त्यांनी हिब्रूत प्रवासवर्णन लिहिलं. फ्लोराबाई म्हणजे नवऱ्याच्या मागे मुंबईची पेढी स्वतः चालवणाऱ्या. कोकणातल्या आपल्या बेने इस्रायलींची गोष्ट वेगळी, ते बगदादचे नव्हेत. त्यांची यात्रा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकाकडे, एलियाहू हनाबीच्या टाप्याकडे, म्हणजे एलिया नबीची खूण मानलेल्या जागेकडे. पण यहेज्केलचं नाव त्यांच्याकडेही आहे, फक्त कोकणी मातीत त्याचं ‘हसाजी’ झालं. १७९६ मध्ये मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल यहेज्केल दिवेकर.

आणि तुमच्या प्रश्नातल्या ‘मशीद’ शब्दावरही थोडं बोलायला हवं. बेने इस्रायल लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. डोंगरीहून पाच मिनिटांवरचं तुमचं मशीद बंदर स्टेशन दिवेकरांच्या त्या सिनेगॉगवरून ओळखलं जातं. पुण्यात ओहेल डेव्हिडला आजही लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात. शेजारपाजाऱ्यांनी ओळखीच्या शब्दात हाक मारली, इतकंच. तेव्हा इराकी म्हाताऱ्याने ‘यहुद्यांची’ म्हटलं आणि तुम्ही मनात ‘मशीद’ जोडलंत, तर ती जोडणी मला अजिबात चुकीची वाटत नाही.

सिनेगॉग म्हणून ही जागा थांबली ती १९५०-५१ मध्ये. १९४१ च्या जूनमध्ये बगदादमध्ये ज्यूंची कत्तल आणि लूट झाली, तिला ‘फरहूद’ म्हणतात. १९४८ नंतर त्यांचं तिथलं जगणं अवघड होत गेलं. मार्च १९५० मध्ये इराकने कायदा केला की नागरिकत्व सोडणाऱ्या ज्यूला देश सोडता येईल. वर्ष-सव्वा वर्षात सुमारे १ लाख २० हजार माणसं विमानांनी इस्रायलला गेली. त्या मोहिमेला नाव दिलं होतं एज्रा आणि नहेम्या, म्हणजे बाबेलच्या बंदिवासातून परत गेलेल्यांचं. अडीच हजार वर्षांची वस्ती इतक्या थोड्या काळात उठली. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांचा मिन्यान लागतो. किफ्लमध्ये दहा सोडा, एकही उरला नाही. दार कुणी तोडलं नाही, मूर्तिभंजन व्हावं तसं काही घडलं नाही. प्रार्थना म्हणणारी माणसंच गेली.

त्यानंतर मुस्लिम झियारत चालूच राहिली. २००३ नंतर शिया वक्फच्या देखरेखीखाली आवार वाढलं आणि ‘मस्जिद अल-नुखैला’ हे नाव पुढे आलं. त्यामागेही जुनी श्रद्धा आहे: सिफ्फीनच्या लढाईला निघताना हजरत अलींनी नुखैलाला तळ दिला होता. २०१० मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ही जागा गेली. त्याच सुमारास हिब्रू अक्षरं पुसली जाणार अशी बातमी जगभर पसरली आणि इराकच्या पुरातत्त्व खात्याने ती नाकारली. कबरीच्या खोलीतली अक्षरं राहिली, हे तुमच्याच फोटोत दिसतंय.

आता तिसरा प्रश्न, माझ्या धंद्यातला. काय उरलंय?

पहिलं म्हणजे घुमट. बाहेरून तो अननसासारखा दिसतो: खवल्यांचे थर एकावर एक चढत निमुळते होत जातात. याला मुकर्नस म्हणतात. आतून बघितलं तर तेच थर कोनाड्यांच्या रांगा होऊन वर चढतात, मधाच्या पोळ्यासारखे. प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा आत येतो आणि त्याचे कोनाडे खालच्या दोन कोनाड्यांच्या सांध्यावर बसतात. त्यामुळे वजन एका जागी न येता वाटून खाली उतरतं आणि चौकोनी खोलीवर गोल टोक सहज बसतं. हे इराकचं खास काम. बगदादमधली झुमुर्रुद खातूनची कबर याच कुळातली. समाऱ्याजवळचा इमाम दूरचा घुमट यांच्यातला सगळ्यात जुना, १०८५ च्या सुमाराचा. तो २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने स्फोटकं लावून पाडला. त्यामुळे किफ्लच्या घुमटाची किंमत आणखी वाढली आहे. तिथलं बांधकाम विटा आणि जिप्समच्या गाऱ्यात असतं. जिप्सम झटकन धरतो, म्हणून असे झुकते थर लाकडाच्या मोठ्या आधाराशिवाय चढवता येतात. पण त्याला पाणी सोसत नाही. फरात शेजारी आहे, जमिनीतलं पाणी क्षार घेऊन भिंतीत चढतं, सुकताना क्षार फुगतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. अशा भिंतीला कुणी चांगल्या मनाने सिमेंट लावलं किंवा संगमरवर चिकटवला, तर पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते आणखी वर चढतं. नेमकं जिथे रंगकाम आणि अक्षरं आहेत तिथपर्यंत. किफ्लमध्ये मला पुसणाऱ्या हातापेक्षा या ओलीची भीती जास्त वाटते.

दुसरं म्हणजे अक्षरं. कोकणातल्या एका गावात आम्ही प्रार्थनागृहाचं छप्पर दुरुस्त करत होतो. दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांची एक लाकडी पाटी होती, वर हिब्रू, खाली मराठी. मी दोन दिवस गावाबाहेर होतो. परत आलो तर रंगाऱ्याने ती पांढऱ्या ऑइल पेंटने स्वच्छ रंगवून टाकली होती. त्याला वाटलं, पुसट झालीय, नीट दिसू दे. आम्ही आठवडाभर कापसाच्या बोळ्याने थोडा थोडा रंग उतरवत बसलो. सात नावं मिळाली, बाकीची गेली. त्या पाटीचा आधीचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. तेव्हापासून कुणी जुन्या अक्षरांचा फोटो पाठवला की मी पहिल्यांदा त्याची प्रत करून ठेवतो, मग वाचतो. तुमच्याही फोटोची केली आहे.

फोटोतली ओळ उजवीकडून वाचायची, अरबीसारखीच. ती म्हणते: हे आमचे स्वामी, याजक बूजीचे पुत्र, यहेज्केल नबी यांच्या कबरीचं ठिकाण, त्यांचं पुण्य आमचं आणि सगळ्या इस्राएलाचं रक्षण करो, आमेन. त्यात ‘नबी’ हा शब्द तुम्हाला वाचायला लावला तर तुम्ही लगेच ओळखाल. हिब्रूत त्याचा उच्चार ‘नवी’ होतो, शब्द तोच, आणि ‘आमेन’ म्हणजे तुमचं ‘आमीन’.

सिनेगॉगचं म्हणून आज जे उरलंय ते हे: घुमटाखालची कबर, तिच्याभोवतीची हिब्रू ओळ, कबरीपुढचा दिवाणखाना जिथे तोरा वाचली जात असे, आणि बाहेर दानिएलांचा बाजार. पेटी नाही, गुंडाळ्या नाहीत, तो दिवा नाही. मिनार आणि नंतरचं काम मशिदीचं आहे, आणि तेही काढून टाकावं असं मी कधीच म्हणणार नाही. सत्तर वर्षं तिथे झियारतीला माणसं येत राहिली म्हणूनच छत पडू दिलं गेलं नाही. इराकातल्या कित्येक सिनेगॉगांच्या वाट्याला एवढंही आलेलं नाही.

तुम्ही पुन्हा जाणार असाल तर एक विनंती आहे. दिवाणखान्यातून कबरीच्या खोलीत शिरतानाच्या दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींचे फोटो घ्या, सरळ समोरून, फ्लॅश न वापरता. जमिनीपासून हातभर उंचीची जागा त्यात येऊ द्या, ओल किती चढली आहे ते तिथेच कळतं. मापासाठी बाजूला तुमची तसबीह (जपमाळ) धरली तरी चालेल. आणि फोटोवर तारीख राहू द्या.